मास्तरांचा राखणदार

आमच्या घरात समुद्र ताटांतून ऐकू यायचा. स्वयंपाकघरातल्या फळीवर आईच्या लग्नातली पितळी ताटं उभी लावलेली असायची. उधाणाच्या भरतीला बाहेर लाट आपटली की क्षणभरानं ती किणकिणायची, अगदी हलकी. पाहुण्यांना वाटायचं उंदीर असेल. आई भाकरी थापता थापता हात थांबवायची, कान द्यायची आणि पुन्हा थापायला लागायची. मी लहान असताना ताटं फक्त आषाढात वाजत. मी कॉलेजात जायला लागले तोवर दर पुनवेला आणि अवसेला वाजू लागली होती. घर जिथल्या तिथंच होतं. चालत येत होता तो समुद्र.

माझ्या बारशाचा एक फोटो आहे. त्यात मी दिसत नाही, कारण मला घेऊन उभ्या असलेल्या आत्यानं नेमका त्याच वेळी पदर सावरला. पण मागे माडांच्या ओळी दिसतात आणि त्यांच्यापलीकडे खूप लांब वाळूची पुळण. त्यातल्या पुढच्या सगळ्या ओळी समुद्रानं नेल्या. माड एकदम पडत नाही. आधी त्याची मुळं उघडी पडतात, मग तो समुद्राकडे वाकून नमस्कार करतो आणि एका पावसाळ्यात दिसेनासा होतो. मी सतरा वर्षांची झाले तेव्हा घरासमोर माडांची एक ओळ, विहीर आणि गोठा एवढंच उरलं होतं. त्यामागे खळं, म्हणजे अंगण, आणि खळ्यामागे घर. अण्णांनी कितीतरी वर्षं रत्नागिरीच्या कचेऱ्यांत सायकल झिजवल्यावर अखेर बंधारा मंजूर झाला. काळ्या दगडांचे ढीग सुरूच्या बनात येऊन पडले. ठेकेदाराचा माणूस लांज्याचा होता. तो म्हणाला, "शिमगा झाला की दगड टाकू. पावसाच्या आधी बांध उभा." शिमग्याआधी आमच्या बाजूला कोणी पाटीसुद्धा उचलत नाही, त्यामुळे याचं कोणाला वाईट वाटलं नाही. आईनं तर त्या ढिगाला हळदकुंकू वाहिलं.

अण्णा हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत. देव, भूत, कौल, नवस यांपैकी कशाशीही त्यांचं जमत नसे. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरी यायची तेव्हा त्यांना नेमकी सायकलची चेन घालायची आठवण व्हायची. आई ओटी भरायची, पालखी अंगणात नाचायची आणि अण्णा मागच्या दारी काळ्या हातांनी बसलेले असायचे. गावाला याचा राग नव्हता. उलट, पहिल्यांदा आलेल्या चाकरमान्याला लोक मुद्दाम दाखवत, "ते बघा, आमचे मास्तर. देवाला मानीत नायत." गावात विहीर, शाळा आणि एक नास्तिक आहे याचा त्यांना थोडा अभिमानच होता.

माघातल्या अवसेला ओहोटी फार लांब गेली. संध्याकाळी मी आणि अण्णा फिरायला निघालो. त्या वर्षी समुद्रानं वाळू इतकी खरवडून नेली होती की खालची काळी, चिकट माती उघडी पडली होती. आमच्या गोठ्याच्या बरोबर समोर, त्या मातीत लाकडं उभी होती. मनगटाएवढे जाड खुंट, समुद्राकडे जाताना एकमेकींजवळ येणाऱ्या दोन रांगांत. आणि खुंटांमधून बारीक फांद्या विणलेल्या, जुन्या घराच्या कुडाला विणतात तशा. सगळं शाईसारखं काळं. मी एका खुंटाला नख लावलं तर ते भिजल्या खारकेत रुतावं तसं रुतलं. अण्णा नव्या पँटीनिशी चिखलात गुडघ्यांवर बसले. मी त्यांना कधीही, कशासमोरही गुडघे टेकताना पाहिलं नव्हतं. एका उपटून पडलेल्या खुंटाचं टोक तासलेलं होतं. त्यावर बोट फिरवत ते म्हणाले, "हे कोणीतरी केलंय. हे आपोआप झालेलं नाही." त्यांचा आवाज वर्गातला नव्हता.

आमच्या गावात जुनं म्हणजे शिवाजी महाराजांच्या वेळचं. त्याच्याही आधीचं असेल तर एकदम पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं. मधलं काही नाही. अण्णांना मधलं आणि त्याच्याही आधीचं दिसत होतं. जेवताना कुळथाची पिठी, भात आणि ओल्या काजूची उसळ होती. घरात ओला काजू असला की एरवी कोणी बोलत नसे. त्या दिवशी अण्णा जेवेनात.

"पुण्याच्या बाईंना पत्र टाकतो," ते म्हणाले. पुण्यात कुठल्याशा व्याख्यानात त्यांनी एका पुरातत्त्वाच्या बाईंना ऐकलं होतं.

"टाका की," आई म्हणाली. "त्या येऊन काय करतील?"

"बघतील. वय काढतील."

"आणि बंधारा?"

अण्णांनी उसळ पुढे ओढली. बंधाऱ्याची रेघ त्या खुंटांच्या बरोबर वरून जात होती. हे आम्हां तिघांनाही कळलं होतं आणि तिघांनीही तोवर तोंडातून काढलं नव्हतं.

"ती लाकडं इतकी वर्षं जगली, अजून जगतील," आई म्हणाली. "घर जगणार नाय. तेवढं ध्यानात धरून काय ती पत्रं टाका."

फळीवरची ताटं गप्प होती, कारण ओहोटी होती. पण आम्ही तिघंही फळीकडेच बघत होतो.

बाईंचं उत्तर आलं. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या ओहोटीच्या दिवशी येते, असं त्यांनी लिहिलं होतं. तो दिवस निघाला फाल्गुनातली पुनव. त्यांना भरती-ओहोटीचं गणित पक्कं येत होतं, शिमग्याचं येत नव्हतं.

आता शिमग्यातल्या लाकडांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल. होळीसाठी लाकूड विकत घ्यायचं नसतं आणि मागायचंही नसतं. ते चोरायचं असतं. फाकपंचमीपासून, म्हणजे शिमगा सुरू होतो त्या दिवसापासून, गावातली पोरं लोकांच्या परसातली लाकडं, मोडक्या बाजा, बेड्याचे, म्हणजे कुंपणाच्या फाटकाचे, वासे उचलतात. मालकानं धरलं तर शिव्या द्याव्यात, पण लाकूड एकदा होळीवर पडलं की ते होळीचं. परत मागणं म्हणजे घराला अपशकुन. आदल्या वर्षी सुऱ्यानं आमच्या गोठ्याचं दार नेलं होतं आणि आई ते जळताना हात जोडून आली होती. हा सुऱ्या पोरांचा म्होरक्या. ढोल वाजवायचा, अंगानं आडवा. माझ्याहून थोडाच मोठा, पण शिमग्यात तो स्वतःला तालुक्याचा मामलेदार समजायचा.

पुनव दोन दिवसांवर आली. मधल्या भांगेच्या, म्हणजे लहान ओहोटीच्या, दिवसांत पाण्याखाली गेलेले खुंट ओहोटीला पुन्हा डोकं वर काढू लागले. सुऱ्या आमच्या बेड्यात येऊन उभा राहिला.

"मास्तरनू, ती काळी लाकडं कोणाची?"

"कोणाचीच नाहीत," अण्णा बेसावधपणे म्हणाले.

"मग होळीची."

"अरे, ती भिजलेली आहेत. जळणार नाहीत."

"धुमसतील. नुसती आग काय कोणाची पण असते. आपली होळी पाडव्यापर्यंत धुमसली पायजे."

"सुरेश, त्यांना हात लावायचा नाही. पुण्याहून बाई येतायत."

"त्यांना राख देऊ की बघायला," सुऱ्या म्हणाला आणि निघून गेला.

अण्णा दिवसभर खळ्यात येरझारा घालत होते. पोरांवर ओरडून उपयोग नव्हता. शिमग्यात ओरडणं म्हणजे आमंत्रण. पहारा द्यावा तर शिमग्यातला पहारेकरी पोरांना लाकडापेक्षा जास्त आवडतो. संध्याकाळी ते देव्हाऱ्यापाशी गेले. आईच्या करंड्यातलं कुंकू घेतलं, माझ्या जुन्या परकराची लाल पट्टी फाडली आणि एक नारळ उचलून पुळणीवर चालू लागले. मी मागून गेले, हे सांगायला नको. त्यांनी पहिल्या खुंटाला लाल पट्टी बांधली, पायाशी नारळ काथ्यानं बांधून ठेवला आणि अंगठ्यानं कुंकू लावलं. तेही कसं, तर प्रयोगवहीवर शिक्का मारावा तसं. आमच्याकडे जागेचा एक राखणदार असतो. त्याला वर्षाकाठी राखण, म्हणजे नारळ-कोंबडं, द्यायचं, म्हणजे तो जागा सांभाळतो. त्याच्या वस्तूला कोणी हात लावत नाही, होळीची पोरंसुद्धा. अण्णांनी सरळ एक राखणदार नेमला होता.

"आईला बोलू नकोस," ते म्हणाले.

आई खळ्यातच उभी होती. तिनं त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं. "पाण्यानं जात नाय ते," ती म्हणाली, "खोबरेल लावा."

युक्ती चालली. फारच चालली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला अख्खं गाव पुळणीवर होतं. हाच नारळ दुसऱ्या कोणी ठेवला असता तर लोकांनी दुर्लक्ष केलं असतं. पण मास्तरांनी ठेवला होता, आणि तो ठेवताना सुऱ्याच्या पोरांनी बघितलं होतं. जन्मात देवळाची पायरी न चढलेला माणूस गुपचूप जाऊन नारळ ठेवतो, म्हणजे त्याला केवढं काहीतरी दिसलं असेल. बायका ओट्या घेऊन आल्या. सुऱ्यानं दुरूनच हात जोडले. अण्णा धावत गेले आणि सगळ्यांना खरं सांगू लागले. माझा विश्वास नाही, पोरांना घाबरवायला मी हे केलं, यात काही नाही. म्हातारे गावकर, म्हणजे गावाच्या वतीनं देवापुढे बोलण्याचा ज्यांचा मान, त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मास्तर, असंच बोलायला सांगतो तो," ते हळूच म्हणाले. "आमाला कळतंय."

अण्णा अंगठा पँटीला पुसत घरी आले. हे खोडून काढायची सोय विज्ञानातही नसावी.

दुपारी ठेकेदाराचा माणूस आमच्या पडवीत येऊन बसला. आईनं सरबत दिलं ते त्यानं हातातच धरलं. "वहिनी, डायवर बोलतायत, राखणदाराच्या डोक्यावर दगड टाकायचा नाय. मी कोणाला जबरदस्ती करू? आणि काम अडलं असं वर कळलं, तर दगड उचलून दुसऱ्या गावाला नेतील. तिथं पण घरं पडतायत." तो गेल्यावर आई चुलीपाशी येऊन बसली. भरती होती. लाट आपटली, ताटं किणकिणली. तिनं उठून ताटांच्या मध्ये फडकी खोचली आणि पुन्हा चुलीपाशी बसली.

"राखणदारानं काय राखलान?" ती भिंतीला म्हणाली. "लाकडं राखलान. आता पावसात आपण कुठं जायचं ते पण त्यालाच विचारा."

अण्णांच्या अंगठ्यावरचं कुंकू अजून गेलं नव्हतं.

पुनवेला पुण्याच्या बाई दुपारच्या एसटीनं उतरल्या. ठेंगण्या, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी बारीक पात्याची करवत. सूर्य कलायला लागला तसे आम्ही ओहोटीमागून चिखलात उतरलो. मागे गाव, त्यात ठेकेदाराचा माणूसही. होळी पेटवायची वेळ जवळ येत होती, पण ढोल गळ्यात अडकवून सगळे तिथंच उभे होते, न वाजवता. शिमग्याच्या दिवशी गप्प ढोल मी आयुष्यात तेवढाच पाहिला. बाई एका खुंटापाशी ओणव्या झाल्या, तासलेल्या टोकावरचे घाव अण्णांना दाखवू लागल्या. लोखंडी कुऱ्हाडीचा घाव सपाट जातो, हे बघा कसे बशीसारखे खोल आहेत, बहुतेक दगडी हत्याराचे. रांगा अशा निमुळत्या का, तर ओहोटीला परतणारे मासे आत अडकावेत म्हणून असेल. नक्की आताच सांगता येणार नाही. वय तपासायला एका खुंटाची चकती कापून न्यावी लागेल. आणि मग, सहज बोलावं तसं, "अर्थात, इथे आता दगड टाकता येणार नाहीत."

गावाचा देव आणि पुण्याचं शास्त्र यांचं जन्मात पहिल्यांदा एकमत झालं होतं, आणि ते आमच्या घराविरुद्ध होतं. मी मागे वळून बघितलं. आई लोकांच्या मागे, कोरड्या वाळूवर उभी होती. तिच्या मागे गोठा, त्याच्या मागे आमची कौलं.

बाईंनी करवत काढली आणि गावकर आडवे आले. "न विचारता राखणदाराला धार लावायची नाय. आधी गाऱ्हाणं."

"मग घाला की गाऱ्हाणं," अण्णा म्हणाले. "लवकर घाला. पाणी फिरलंय."

"मी नाय घालायचं. राखण ज्यानं दिली त्याच्याच घरानं बोलायचं. तुमचा राखणदार, मास्तर."

अण्णा पुढे झाले. त्यांनी हात जोडले. तोंड उघडलं. त्यांना आवर्त सारणी पाठ होती, पण गाऱ्हाण्यातला, देवापुढे मागणं मांडायच्या त्या ठरलेल्या बोलण्यातला, एक शब्द येत नव्हता. पहिली लाट फेसाची कड घेऊन आमच्या पायांपर्यंत आली आणि गेली. गावकर वाट बघत होते. बाई घड्याळ बघत होत्या. अण्णांच्या मानेवरून घामाचा एक ओघळ शर्टाच्या कॉलरमध्ये गेलेला मला दिसला, आणि मला ते बघवेना.

मला गाऱ्हाणं येत होतं. देवभक्तीनं नव्हे. गावकरांची नक्कल हा माझा खास खेळ होता. घोंगडी पांघरून, आवाज खर्जात नेऊन मी आत्यांना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसवत असे. बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं, पण घालायचं नसतं म्हणून ऐकायचंही नसतं असं कोणी सांगितलेलं नाही. मी अण्णांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि तोच आवाज काढला.

"बा देवा म्हाराजा. तुजं नाव आमाला ठावं नाय, तुजं गाव आमाला ठावं नाय. तू वाळूखाली ऱ्हाणारा, चिखलात नांदणारा."

कोणीतरी हसेल असं वाटलं होतं. क्षणभर नुसता समुद्र ऐकू आला. मग मागून, सवयीनं, अख्ख्या गावाच्या छातीतून आलं, "व्हय म्हाराजा."

माझ्या पाठीवर काटा आला. त्या चालीत बोललं की होकार येतोच, माणसं तो अडवू शकत नाहीत. जोर आला मला. "आज ही पुण्याची लेक तुज्या दारात आलीय. तुजं वय इचारायला आलीय. एक चकती मागतेय. ती दे, आणि तिच्या हाताला यश दे."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्यो जो बांध यायचा हाय." इथं मी थांबले. पुढे काय म्हणायचं? बांध इथंच येऊ दे म्हटलं तर राखणदार गाडला जातो. येऊ नको म्हटलं तर घर जातं. नक्कल करताना असा प्रश्न कधी पडला नव्हता. पाणी घोट्यांवर आलं. अण्णा माझ्याकडे बघत होते आणि त्यांनाही माहीत नव्हतं.

"अलीकडं घे म्हणावं," आईचा आवाज आला. ती चिखलात उतरली होती, लुगड्याचा काठ भिजवत पुढे येत होती. "आमच्या आगरातून ने. गोठ्याच्या अलीकडून, घराच्या अंगानं."

"आणि विहीर?" अण्णा म्हणाले.

"जाईल."

"माड?"

"माड काय, लावून घ्याल परत," ती म्हणाली आणि मग मला, "गप का उभी? बोल की गो. पाणी थांबणार हाय?"

मी बोलले. बांध गोठ्याच्या अलीकडून जावा, आमची जागा जाईल ती आमच्या खुशीनं जावी, समुद्रानं तेवढं घ्यावं आणि पुढं येऊ नये. आवाज आता खर्जात नव्हता, माझाच होता, आणि तो फाटत होता. गावानं प्रत्येक वाक्याला होकार दिला. शेवटच्या होकारानंतर गावकर ठेकेदाराच्या माणसाकडे वळले. तो म्हणू लागला, रेघ अशी सरकवता येत नाही, साहेबांना विचारावं लागेल. "विचार की," गावकर म्हणाले. "पण आता म्हाराजाला व्हय बोल्लास ना तू? मी ऐकलंय." तो बोलला होता. सगळ्यांसारखं त्याच्याही तोंडातून गेलं होतं. त्यानं डोकं खाजवलं, आईकडे बघितलं आणि म्हणाला, जागेच्या मालकाची हरकत नसेल तर बघतो.

बाईंनी पाणी गुडघ्यांना लागेपर्यंत कापलं. चकती सुटली तेव्हा आतलं लाकूड काळं नव्हतं. ते पिवळसर तांबूस होतं, काल तोडल्यासारखं. सगळे वाकून बघत होते. आमच्या डोळ्यांदेखत हवा लागून ते काळवंडत गेलं, आधी कडेनं, मग मध्यापर्यंत. सुऱ्यानं ढोल दुसऱ्याच्या गळ्यात घातला, चकती ओल्या फडक्यात गुंडाळून डोक्यावर घेतली आणि लाटांतून किनाऱ्याला आणली, पालखी नाचवतात तशी नाचवत. मागून ढोल वाजायला लागले. बाई करवत छातीशी धरून त्यातून चालत होत्या. पुण्याला गेल्यावर त्यांनी हे कोणाला कसं सांगितलं असेल, याची मला अजून उत्सुकता आहे.

बंधारा गोठ्याच्या अलीकडून झाला. साहेबांनी का कबूल केलं ते मला माहीत नाही. अण्णांची सायकल त्या महिन्यात पुन्हा बरीच झिजली. पुढच्याच आषाढात विहीर गेली, माड गेले, गोठ्याची कौलं गेली. आम्ही गाय आत्याकडे पाठवली. बाईंचं पत्र आलं, त्यात बुद्धाच्याही कितीतरी आधीचा काळ होता. अण्णांनी ते शाळेत वाचून दाखवलं आणि गावानं मान डोलावली, म्हणजे पांडवच. ताटं वाजायची थांबली. आई त्या पावसाळ्यात रोज उठून बसायची. म्हणायची, काही ऐकू येत नाय, झोप कशी लागणार.

आता अण्णा नाहीत, आईही नाही. घर आहे. जुने खुंट पुन्हा वाळूखाली गेलेत, कधीमधी एखाद्या अवसेला एक-दोन दिसतात. गोठ्याचे खांब मात्र बंधाऱ्यापुढे पाण्यात उभे आहेत, काळे पडलेले, शंखशिंपले चिकटलेले. पर्यटक त्यांचे फोटो काढतात आणि मला विचारतात, किती जुने. मी गंभीर चेहऱ्यानं सांगते, पांडवांच्या वेळचे. शिमग्याच्या पुनवेला ओहोटी लागली की गाव नारळ घेऊन येतं आणि तो त्या खांबांपाशीच ठेवतं. सुऱ्या आता गावकर आहे, पोट सुटलेला, गुडघे दुखणारा. गेल्या शिमग्याला मी त्याला गाठलं आणि म्हटलं, अरे, हा राखणदार नव्हे, आमचा गोठा आहे. याचं दार तूच जाळलंस.

"म्हायत हाय," तो म्हणाला. "दावं बांधायची खाच हाय ना ह्या खांबाला. पण तुझ्या आयशीनं गोठा दिलान म्हणून ते जुने खुंट ऱ्हायले. मग मान कुणाचा?"

त्यानं नारळ खाली ठेवला, हात जोडले आणि खर्जात सुरू केलं. मी मागे जाऊन लोकांत उभी राहिले, आणि जागा आली तशी सगळ्यांबरोबर म्हणाले, "व्हय म्हाराजा."